सोलापुरात गच्चीवरच्या जर्मन बिअर गार्डनला पहिल्यांदा जाताना

सोलापुरात कोणी ‘बसायचं का?’ असे विचारले, तर कुठे आणि कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘बसणे’ या क्रियापदाला आपल्याकडे इतका पक्का अर्थ चिकटलेला असूनही प्रत्यक्षात आपण फारसे बसत नाही, ही त्यातली गंमत आहे. परमिट रूममध्ये शिरायचे, पडद्याआडची केबिन धरायची, स्ट्राँगची बाटली आणि चकणा मागवायचा, ओळखीचे कोणी दिसण्याआधी तासाभरात उठायचे आणि बडीशेप तोंडात टाकून घर गाठायचे, ही आपल्या अनेकांची वर्षानुवर्षांची पद्धत आहे. जर्मन धाटणीच्या बिअर गार्डनचा रिवाज याच्या नेमका उलट असतो. तेथे पिणे हे बसण्याचे निमित्त असते, उजेड असतो, शेजारच्या बाकावर अनोळखी कुटुंब असते आणि कोणालाही घाई नसते. त्यामुळे परमिट रूमच्या सवयी जशाच्या तशा घेऊन गच्चीवर गेलेल्या माणसाचे पैसे जास्त जातात आणि पदरात मजा कमी पडते. या लेखात सांगितलेल्या बहुतेक चुका मी स्वतः करून झालेल्या आहेत, तेव्हा हे सांगणे अनुभवाचे आहे असे समजावे.

ही जागा अशी का असते

बिअर गार्डन हा प्रकार जर्मनीच्या दक्षिणेकडील बव्हेरिया प्रांतातला, त्यातही म्युनिक शहराचा. उन्हाळ्यात भट्ट्या पेटवल्याने आगी लागत आणि उष्म्याने बिअर बिघडत असे, म्हणून 1539 च्या नियमाने तेथे बिअर बनवण्याला 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल एवढाच काळ ठरवून दिला गेला. थंडीत बनवलेली बिअर उन्हाळाभर पुरवायची तर ती गार राहिली पाहिजे. म्हणून बिअर बनवणाऱ्यांनी इझार नदीच्या काठी खोल तळघरे खोदली, वरच्या जमिनीवर खडी पसरली आणि चेस्टनटची झाडे लावली. या झाडांची पाने रुंद असल्यामुळे सावली दाट पडते आणि मुळे वरच्यावर पसरत असल्यामुळे खालच्या तळघराच्या छताला धक्का पोहोचत नाही. एवढी सावली आणि पायाखाली गार बिअर असताना लोक तेथेच टेबले मांडून बसू लागले नसते तरच नवल. शहरातल्या खाणावळवाल्यांचे गिऱ्हाईक तुटू लागले, तेव्हा त्यांनी राजाकडे गाऱ्हाणे नेले. राजा पहिला मॅक्सिमिलियन जोसेफ याने 4 जानेवारी 1812 रोजी मधला मार्ग काढला आणि तळघरावर बिअर व पाव विकण्याची परवानगी देऊन इतर खाद्यपदार्थ विकण्यास मनाई केली. मग लोक घरूनच डबा आणू लागले. आजही म्युनिकच्या जुन्या बिअर गार्डनमध्ये ज्या टेबलांवर कापड अंथरलेले नसते, तेथे स्वतःचा डबा उघडून बसण्यास मुभा असते. बिअर मात्र तेथलीच घ्यावी लागते.

हा इतिहास केवळ माहितीसाठी सांगितलेला नाही. लांबलचक बाके, एकाच टेबलावर दोन-तीन वेगवेगळ्या मंडळींनी बसणे, मोठा ग्लास आणि त्यात तुलनेने सौम्य बिअर, कुटुंबासह आलेले लोक, हे सारे त्या तळघरावरच्या बैठकीतून आले आहे. आपल्याकडच्या गच्चीवर चेस्टनटच्या जागी हिरवी जाळी आणि दिव्यांच्या माळा येतात, खडीच्या जागी प्लॅस्टिकचे गवत येते, आणि खाली गार तळघर असण्याऐवजी दिवसभर तापलेला स्लॅब असतो. हा शेवटचा फरक सोलापुरात सर्वांत महत्त्वाचा आहे.

दिवस आणि वेळ ठरवणे

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि सूर्य सातच्या सुमारास मावळला, तरी स्लॅब त्यानंतर बराच वेळ उष्णता बाहेर टाकत राहतो. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्यास्त पाहायचा म्हणून साडेसहाला गच्चीवर जाऊन बसणे म्हणजे तव्यावर बसणे होय. या दिवसांत साडेआठच्या पुढेच जावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा खरा बिअर गार्डनचा हंगाम आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेपाचला पोहोचून आकाश लाल होताना पहिला ग्लास हाती घेणे शक्य होते. नऊनंतर मात्र गच्चीवर चांगलाच गारठा जाणवतो, म्हणून सोबत स्वेटर असू द्यावा. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पूर्वेला किंवा दक्षिणेला ढग दाटलेले दिसले, तर बेत पुढे ढकलावा, कारण आधी धुळीचा लोट येतो आणि मग पाऊस, आणि त्या पाच मिनिटांत गच्चीवरच्या सगळ्या ग्लासांत माती पडलेली असते.

वाराचाही विचार आपल्याकडे करावाच लागतो. चार-पाच जणांच्या कोणत्याही मंडळींत एकाचा सोमवार सिद्धेश्वराचा असतो, दुसऱ्याचा गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा असतो, तिसरा शनिवारी मारुतीला जातो, आणि चौथ्याची चतुर्थी नेमकी ठरलेल्या दिवशी येते. यातून उरलेला बुधवार हा उत्तम दिवस असतो. गर्दी कमी, नोकरमंडळी निवांत आणि वाढपी लक्ष देण्याच्या मनःस्थितीत. शनिवारी रात्री जायचेच असेल, तर जागा आधी राखून ठेवावी. गटारी आणि 31 डिसेंबर या दोन दिवशी नवख्याने अजिबात जाऊ नये, कारण त्या रात्री जे दिसते ते बिअर गार्डन नसून एसटी स्टँड असते.

26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी मद्यविक्री बंद असते. मतदान असेल, तर मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे 48 तासही कोरडे असतात. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे आषाढी आणि कार्तिकीच्या सुमारास जिल्हा प्रशासनाचा आदेश वर्तमानपत्रात पाहिल्याशिवाय बेत ठरवू नये. आमच्या एका मित्राचा पुण्याहून आलेला मेहुणा आषाढीच्या दिवशी बिअर मागत हॉटेलात गेला होता. त्याला ताक मिळाले.

आधी एक फोन करावा

प्रत्यक्ष जाण्यापूर्वी दूरध्वनीवरून पाच-सहा गोष्टी विचारून घ्याव्यात. गच्ची आज सुरू आहे का, की केवळ खालचा एसी हॉल सुरू आहे. पाऊस किंवा वादळ आले तर आत जागा मिळते का. केवळ पुरुषांच्या गटाला प्रवेश आहे का, कारण काही ठिकाणी शनिवार-रविवारी तो नसतो. नळावरची बिअर आहे का, की सगळी बाटलीतली. शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात. आणि सोबत लहान मुले असतील तर त्यांना आणता येईल का. ‘मालक, टेरेसवर कडेचं टेबल मिळेल का?’ एवढे नीट विचारले, तरी समोरचा माणूस नाव लिहून घेतो. नळावरची बिअर आहे का, या प्रश्नाला ‘सगळं आहे, या तुम्ही’ असे उत्तर आले, तर ती नाही असे समजावे.

वयाचा पुरावा जवळ ठेवावा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय 21 वर्षे आहे, तर व्हिस्की, रम यांसारख्या कडक मद्यासाठी ते 25 आहे. शिवाय आपल्या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य पिण्यासाठी वैयक्तिक परवाना लागतो, आणि ‘परमिट रूम’ हे नाव त्यावरूनच पडले आहे. एक दिवसाचा परवाना अगदी नाममात्र शुल्कात मिळतो आणि पुष्कळदा तेथेच फाडून देतात. वर्षाचा आणि आजन्म परवानाही काढता येतो. बहुतेकांना हा कागद आयुष्यात कोणी मागितलेला नसतो, तरीही तो असणे हाच नियम आहे.

वर पोहोचल्यावर

लिफ्टमधून बाहेर पडल्यावर प्रथम जिना कुठे आहे ते पाहावे. शक्य असल्यास दुसरा जिना कुठे आहे, तेही पाहावे. मुंबईत कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017 रोजी गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत 14 माणसे गेली. छत झाकण्यासाठी जाळी, बांबू आणि प्लॅस्टिक वापरलेल्या कोणत्याही गच्चीवर हे लक्षात ठेवणे शहाणपणाचे आहे. दुसरा जिना सामानाने अडवलेला दिसला, तर मी तरी तेथे बसत नाही.

मग जागा निवडावी. मुदपाकखान्याच्या धुराड्याजवळची, ध्वनिवर्धकाखालची आणि पाण्याच्या टाकीला लागून असलेली जागा टाळावी. उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या कठड्याजवळ वाऱ्याची झुळूक मिळते, हिवाळ्यात मात्र त्याच जागी हुडहुडी भरते. होटगी रस्त्याच्या बाजूला तोंड करून बसलेले जुने सोलापूरकर नवख्यांना हटकून एक गोष्ट सांगतात, ती म्हणजे साखर कारखान्याची उंच चिमणी तिकडे दिसायची आणि विमानतळासाठी ती 15 जून 2023 रोजी पाडली. ऐकून घ्यावे, त्या गोष्टीवर दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक प्रत्येक टेबलावर असतात आणि तेवढ्यात बिअर येते.

लांब टेबलावर काही जण आधीच बसलेले असतील आणि बाकावर जागा रिकामी असेल, तर ‘इथं कोणी आहे का?’ असे विचारून बसावे. म्युनिकमध्ये हाच प्रश्न ‘इस्ट हिअर नॉख फ्राय?’ अशा शब्दांत रोज हजारो वेळा विचारला जातो आणि त्याला नकार देणे असभ्यपणाचे मानतात. अपवाद एकच, तो म्हणजे ‘श्टामटिश’, म्हणजे नेहमीच्या मंडळींसाठी राखलेले टेबल, आपला कट्टाच म्हणा ना. आपल्याकडे अनोळखी माणसाशेजारी बसून पिण्याचा संकोच असतो, आणि स्त्रिया बसलेल्या असतील तर तो असायलाही हवा. अशा वेळी वाढप्याला सांगून दुसरी जागा घ्यावी. एकदा बसल्यावर शेजाऱ्यांशी नमस्कारापुरते बोलावे, त्यांच्या गप्पांत शिरू नये आणि त्यांचे छायाचित्र तर मुळीच काढू नये. या शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि कोणाचे वडील कुठे कीर्तनाला बसले असतील, ते सांगता येत नाही.

काय मागवावे

खरा गोंधळ येथे होतो, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

परमिट रूममध्ये आपल्याला माइल्ड आणि स्ट्राँग हे दोनच प्रकार माहीत असतात. जर्मन पद्धतीच्या यादीत मात्र बिअरची विभागणी जोरावर नसून धान्य, यीस्ट (म्हणजे बिअर आंबवणारे किण्व) आणि रंग यांवर असते. ‘हेलेस’ म्हणजे फिकट, स्वच्छ, सोनेरी आणि कडवटपणा कमी असलेली बिअर. म्युनिकच्या बागेत लोक मुख्यतः हीच पितात आणि नवख्याने सुरुवात हिच्यापासूनच करावी. ‘पिल्स’ किंवा ‘पिल्सनर’ हिच्यासारखीच दिसते, पण हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा तिच्यात ठळक असतो. तिचे मूळ 1842 मध्ये बोहेमियातल्या प्ल्झेन गावी सापडते. ‘डुंकेल’ गडद तपकिरी असते, तिला भाजलेल्या धान्याचा वास असतो, आणि रंगावरून ती फार कडक असेल अशी भीती वाटली, तरी ती साधारण हेलेसइतकीच सौम्य असते. गडद म्हणजे जोरदार हा आपला समज येथे सोडून द्यावा.

आणि मग ‘हेफेवाइत्सेन’. वाइत्सेन म्हणजे गहू आणि हेफे म्हणजे यीस्ट. हिच्यातल्या माल्टपैकी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यापैकी, निम्म्याहून अधिक गव्हाचा असतो आणि यीस्ट गाळून काढलेले नसते, म्हणून ती गढूळ दिसते आणि पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा वास देते. यात केळेही नसते आणि लवंगही नसते. तो वास यीस्टच निर्माण करते. ही माहिती मला पहिल्या वेळी कोणी दिली नव्हती. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे एका मोठ्या शहरातल्या अशाच गच्चीवर गेलो होतो. ग्लास समोर आला, तेव्हा आमच्यातला एक जण तो दिव्यासमोर धरून म्हणाला, ‘का बे, ही तर गढूळ आहे. टाकीचं पाणी घातलंय काय ह्यात?’ दुसऱ्याने वास घेऊन केळ्याचे शिकरण असल्याचा निर्वाळा दिला. आम्ही सोलापुरी बाणा दाखवून ग्लास परत पाठवले, वाढपी काही न बोलता दुसरे घेऊन आला, तेही अर्थातच तसेच होते, आणि बिलात मात्र आठही ग्लास लागले.

ग्लासाच्या मापाबाबतही असाच सल्ला आहे. म्युनिकचा प्रसिद्ध ‘मास’ हा कान असलेला जाड काचेचा ग्लास एक लिटरचा असतो, आणि तो हातात धरून छायाचित्र काढण्याचा मोह कोणालाही होतो. तेथल्या सावलीत तो चालून जातो. आपल्याकडे एप्रिलच्या रात्री लिटरभर बिअरचा शेवटचा तिसरा हिस्सा कोमट आणि मचूळ होऊन जातो. त्यामुळे थंडीचे दोन महिने सोडले, तर अर्ध्या लिटरचा किंवा त्याहून लहान ग्लास घ्यावा आणि हवा असल्यास दुसरा मागवावा. पिचर घेतला, तर तो चौघांनी लगेच वाटून घ्यावा. टेबलावर शोभेला ठेवू नये.

ज्यांना कडवटपणाच नको आहे, त्यांनी ‘राडलर’ विचारावे. राडलर म्हणजे सायकलस्वार. निम्मी बिअर आणि निम्मे लिंबाचे गोड सोडापेय असे हे मिश्रण असते आणि त्यात मद्याचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास उतरते. यादीत नसले, तरी हेलेस आणि लिंबू सोडा वेगवेगळे मागवून टेबलावर करता येते. लिंबूपाण्यात हात मुरलेल्या आपल्या गावात हे पेय आधीच कसे रुजले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. मुळीच न पिणाऱ्यांनीही संकोचू नये. सफरचंदाचा रस आणि सोडा यांचे ‘आप्फेलशोर्ले’ जर्मनीत मोठी माणसेही अशाच मोठ्या ग्लासातून पितात. मात्र ‘अल्कोहोलविरहित’ म्हणून मिळणाऱ्या काही बिअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्य असू शकते, तेव्हा ज्यांना धर्माने किंवा व्रताने वर्ज्य आहे, त्यांनी बाटलीवरचा आकडा वाचावा.

ओतणे आणि ग्लास भिडवणे

गव्हाची बिअर बाटलीतून आली, तर ती ओतण्याची एक पद्धत आहे आणि ती पाहण्यासारखी असते. उंच, खाली निमुळता आणि वर फुगीर असलेला ग्लास आधी गार पाण्याने विसळून घ्यायचा. तो तिरका धरायचा आणि बिअर काचेच्या कडेने हळूहळू सोडायची, जशी आई उकळता चहा कपाच्या कडेने सोडते. ग्लास भरत येईल तसा तो सरळ करायचा. बाटलीत तळाशी दोन बोटे बिअर राहिली की थांबायचे, बाटली हातात गोल गोल फिरवायची म्हणजे तळाचे यीस्ट सुटे होते, आणि मग तो गढूळ फेस सगळ्यात शेवटी वर ओतायचा. तीन-चार बोटे जाड, पांढराशुभ्र फेस ग्लासाच्या काठावर टोपीसारखा उभा राहिला, की जमले. फेस म्हणजे फसवणूक, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि काही ठिकाणी ती खरीही आहे. पण वास फेसातच साठतो, त्यामुळे या बिअरचा फेस चमच्याने काढून टाकू नये. मी काढताना पाहिले आहे.

ग्लास आल्यावर आतल्या बाजूने बुडबुडे काचेला चिकटून बसलेले दिसले, तर ग्लास नीट धुतलेला नाही, त्याला तेलकटपणा आहे असे समजावे आणि बदलून मागावा. ही तक्रार रास्त असते; गढूळपणाची नसते.

पहिला घोट सगळ्यांचे ग्लास आल्याशिवाय घेऊ नये. ग्लास भिडवताना ‘प्रोस्ट’ म्हणावे आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे; ग्लासाकडे पाहणे जर्मन लोकांना खटकते. गव्हाच्या बिअरचा ग्लास वरच्या कडेला नाजूक असतो, म्हणून तो खालच्या जाड बुडाकडून भिडवतात. ‘चिअर्स’ म्हटले तरी कोणी रागावणार नाही. बोट बुडवून चार थेंब जमिनीवर उडवण्याची ज्यांची सवय आहे, त्यांनी शेजारच्या बाकावरच्या साडीचे भान ठेवावे.

सोबत काय खावे

‘प्रेट्झेल’ हा बिअर गार्डनचा मुख्य पदार्थ. गाठीसारखा वळलेला हा पाव भाजण्यापूर्वी खाराच्या पाण्यातून काढतात, म्हणून त्याला तो चकचकीत तपकिरी रंग येतो. आपण पापडात पापडखार घालतो, त्याचाच हा लांबचा नातेवाईक. वर जाड मीठ असते. तो गरम असतानाच खावा, गार झाला की रबर होतो. सोबत चीज, लोणी, कांदा आणि लाल मिरचीची पूड कालवून केलेले ‘ओबात्स्दा’ मिळाले, तर शाकाहारी माणसाची सोय चांगली होते. बटाट्याचे सॅलड आणि आंबवलेल्या कोबीचे ‘साउअरक्राउट’ हेही शाकाहारी मानले जातात, परंतु बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचा रस्सा आणि कोबीत मांसाचे तुकडे घालण्याची पद्धत जर्मनीत आहे, तेव्हा विचारून घ्यावे. सॉसेज जर्मनीत बहुधा डुकराच्या मांसाचे असते. आपल्याकडे ते अनेकदा कोंबडीचे देतात. तरी आपल्या मंडळींत कोण काय खात नाही हे लक्षात घेऊन ‘अण्णा, हे कशाचं आहे?’ असा स्पष्ट प्रश्न आधी विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही, नंतर कळण्यात आहे.

एक खंत मात्र येथे नोंदवतो. डबा घेऊन येण्याची म्युनिकची मूळ रीत आपल्या गच्च्यांनी उचलली नाही आणि बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. तसे नसते, तर सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची लाल चटणी यांच्यासमोर प्रेट्झेलचा निभाव लागला नसता. कुरकुरीत, खारट, लसूण आणि तिखट यांचा तो मेळ हेलेसच्या घोटाबरोबर कसा लागतो, हे मी स्वतःच्या गच्चीवर पाहिलेले आहे. एखाद्या मालकाने ती यादीत ठेवलेली दिसली, तर दुसरे काही मागवू नये.

रिकाम्या पोटी बसू नये, आणि पाणी सतत पीत राहावे. बिअर गार असली, तरी तहान भागवत नाही. लघवी वाढवून शरीरातले पाणी कमीच करते. सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसभर घाम गाळलेल्या माणसाने पहिल्या ग्लासापूर्वी दोन पेले साधे पाणी प्यावे.

जोराचा हिशेब

‘बिअरने काय होतंय?’ हे वाक्य म्हणणाऱ्याने एकदा गणित करून पाहावे. आपल्याकडची स्ट्राँग बिअर 8 टक्क्यांपर्यंत असते. 650 मिलिलिटरच्या अशा एका बाटलीत 52 मिलिलिटर शुद्ध मद्य भरते. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या एका पेगात ते सुमारे 13 मिलिलिटर असते. म्हणजे स्ट्राँगची एक बाटली बरोबर चार लहान पेग होते. अर्धा लिटर हेलेस 5 टक्क्यांची धरली, तर ती दोन पेगांच्या आसपास येते. म्हणून दोन ग्लासांसाठी अडीच-तीन तास बसावे, मधे खावे, मधे पाणी प्यावे, हा बागेचा वेग असतो. सोबतच्या एखाद्याने मधेच व्हिस्की मागवण्याचा प्रस्ताव मांडला, तर त्या रात्रीपुरता तो फेटाळावा. ग्लास रिकामा दिसला की वाढपी लगेच ‘रिपीट?’ विचारतो, नको असेल तर तळाशी चार घोट राहू द्यावेत.

बिल

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बंदी आहे आणि गच्ची म्हणजे उघडेच. त्यामुळे दहाला संगीत थांबले की अर्धी मंडळी एकदम बिल मागतात. आपण पावणेदहालाच मागवावे. बिलात बिअर आणि खाणे वेगवेगळे मांडलेले असते, कारण मद्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट असतो आणि सर्वसाधारण उपाहारगृहात खाण्यावर 5 टक्के जीएसटी असतो. ‘सेवा शुल्क’ अशी ओळ दिसली, तर ते देणे ऐच्छिक आहे आणि सौम्य शब्दांत काढून टाकण्यास सांगता येते; त्याऐवजी वाढप्याच्या हातात रोख बक्षिशी देणे मला अधिक बरे वाटते. ग्लासांची संख्या मोजावी. ती मोजणारा माणूस आधीच नेमलेला असावा आणि तो राडलर पिणारा असावा.

परतीची वाट

ही व्यवस्था शेवटी नव्हे, घरून निघतानाच करायची असते. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दोन ग्लासांनंतर आपण या मर्यादेच्या आत आहोत की नाही, याचा अंदाज ज्याने प्यायली आहे त्याने करू नये. सात रस्ता किंवा स्टेशनच्या आसपास रात्री उशिरा रिक्षा मिळते. विजापूर रस्ता किंवा जुळे सोलापूरच्या आतल्या वस्तीत मात्र अकरानंतर वाट पाहावी लागते. म्हणून जातानाच ओळखीच्या रिक्षावाल्याला परतीची वेळ आणि भाडे सांगून ठेवावे, त्याचा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये असावा. मंडळींतला एक जण न पिणारा असेल आणि गाडी तोच चालवणार असेल, तर त्याच्या खाण्याचे पैसे बाकीच्यांनी वाटून घ्यावेत, ही आमच्यातली जुनी रीत आहे.

मोटारसायकल घेऊन गेलेले असाल, तर ती तेथेच ठेवावी. खालच्या वॉचमनला आधी सांगावे, डिकीतली कागदपत्रे काढून घ्यावीत, पार्किंगची चिठ्ठी पाकिटात ठेवावी आणि किल्ली रिक्षात बसण्यापूर्वी एकदा चाचपून पाहावी. सकाळी गाडी घ्यायला दहाच्या आत जावे, कारण दहानंतर खालची दुकाने उघडतात आणि तुमच्या गाडीपुढे कापडाचे गठ्ठे उतरवलेला टेम्पो उभा असतो.